तो भात आणि ते भात

२४ नोव्हेंबर, वर्तकनगर

सकाळचं काम एकच होतं. एका पत्राच्या नऊ झेरॉक्स काढायच्या, नऊ कार्यालयांत एकेक द्यायला. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "नऊ? कोर्टाचं काही आहे का मॅडम?"

"अजून नाही," मी म्हटलं. तो हसला. मला हसू आलं नाही.

ठाण्याहून कल्याण, तिथून शीळफाट्याच्या आत खाडीकडेचं एक गाव, मग डोंबिवली आणि परत ठाणे. याला कोणी प्रवास म्हणणार नाही. मी या पट्ट्यात अठ्ठावीस वर्षं राहते, डोंबिवलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते, आणि मीही म्हटलं नसतं. पण परदेशी शास्त्रज्ञाला बरोबर घेऊन हे तीन दिवस काढले, तेव्हा कळलं की आपल्या घरापासून पंचवीस किलोमीटरवरही माणूस परक्या मुलखात असल्यासारखा घाबरून फिरू शकतो. ज्यांच्यावर अशी वेळ आली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते.

पाहुणी नेदरलँड्सची. नाव हान्नेके, वय पन्नाशीच्या अलीकडे, उंची दाराच्या चौकटीला टेकेल एवढी. खाऱ्या जमिनीत पीक कसं तगतं, हा तिचा अभ्यास. आमच्या खाडीकाठच्या गावांत एक लाल भात पिकतं, राता म्हणतात त्याला. भरतीचं पाणी शेतात शिरलं तरी ते उभं राहतं. त्यावर आमचं कॉलेज आणि तिचं विद्यापीठ मिळून काम करणार होतं. दोन्ही सरकारांनी सहकार्याचा करार केलेला, सह्यांचा फोटोही छापून आलेला. पण करार झाला म्हणजे बी बाहेर जाऊ शकतं असं नाही. त्याला केंद्राच्या प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते, आणि ती लागावी हे मला पटतं. आपलं बी बाहेर जायचं आणि दुसऱ्या कोणाच्या नावानं परत यायचं, हे नको.

हाती आलेलं पत्र पहिल्या परवानगीचं होतं. पाहुणीनं शेत पाहावं, मातीचा खारटपणा जाग्यावर मोजावा, फोटो काढावेत. काही न्यायचं नाही. दाणा नाही, पान नाही, चिखल नाही. बी पाठवायच्या परवानगीचा अर्ज वेगळा, चार वर्षं चाललेला, आणि आता म्हणे शेवटच्या टेबलावर. त्याआधीच काही बाहेर गेलं असं दिसलं, तर तो अर्ज गेला आणि प्रकल्पही गेला. चौकशी वेगळी.

आमच्या प्रकल्पाचे प्रमुख करंदीकर सर गुडघ्याचं ऑपरेशन होऊन ठाण्यातच पडलेले. म्हणून 'पाहुणीच्या हाती कोणतंही जैविक साहित्य जाणार नाही याची जबाबदारी' या ओळीखाली सही माझी होती. निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत. आजवर माझी सही फक्त रसायनांच्या रजिस्टरात असायची.

हॉटेलच्या लॉबीत हान्नेके वेळेआधी पाच मिनिटं तयार होती. मला थेट "शैला" म्हणाली. आमच्याकडे प्राचार्यही मला नुसतं शैला म्हणत नाहीत. पण तिच्याकडे मंत्र्यालाही नावानं हाक मारतात म्हणे, तेव्हा सोडून दिलं.

त्याच दिवशी कल्याणला एका सरकारी कार्यालयात पत्राची प्रत दिली. साहेब सज्जन होते. चहा मागवला, पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून विचारलं, "मॅडम, यात 'पाहणी' लिहिलंय. पाहणी म्हणजे नुसतं बघणार, की हात लावणार?"

"मोजमाप लिहिलंय पुढे. मोजायला हात लागणारच."

"मातीला लागेल. रोपाला?"

हान्नेकेनं विचारलं काय चाललंय. मी सांगितलं. तिनं दोन्ही हात पाठीमागे बांधून दाखवले. साहेब मोकळेपणानं हसले, "तसंच ठेवा बाई." आणि प्रतीवर सही दिली. बाहेर पडताना मात्र मला म्हणाले, "मी गंमत केली. पण तुम्ही गंमत समजू नका."

संध्याकाळपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यात होतं. परतताना दुर्गाडीच्या पुलावरून खाडी दिसली. हान्नेके म्हणाली, त्यांच्याकडे समुद्राला बांध घालून ठेवणारी खाती शेकडो वर्षं जुनी आहेत, त्यांच्या निवडणुकाही होतात. मी म्हटलं, आमच्याकडे बांध गावानं घातला, मग सरकारनं ताब्यात घेतला, आता बिल्डर बघतोय. तिनं ते वहीत लिहून घेतलं. मला लगेच वाटलं, बोलायला नको होतं.

२५ नोव्हेंबर, खाडीकाठचं गाव

गावाचं नाव लिहीत नाही. कारण पुढे कळेलच.

शीळफाट्यावरून आत वळलं की आधी गोदामं, मग अर्धवट टॉवर, आणि अचानक सगळं खाली उतरतं. सपाट खाचरं, त्यांच्या पलीकडे मातीचा बांध, बांधापलीकडे तिवरं आणि खाडी. कापणी झालेली. बांधात जागोजागी उघाड्या, म्हणजे लाकडी झडपा. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडतात, भरतीला आपोआप मिटतात. हान्नेके त्या झडपेसमोर उकिडवी बसली ती अर्धा तास. म्हणाली, तिच्या आजोबांच्या गावात अशीच होती, आता संग्रहालयात आहे.

ती मीटर मातीत खुपसत असताना मोटरसायकलवरून दोघं आले. विशी-पंचविशीचे. एकानं मोबाइल समोर धरलेला.

"ही बाई कंची? काय मोजते? रोडचा सर्वे हाय का?"

"कॉलेजचं काम आहे. मिठाचं प्रमाण मोजतोय."

"फॉरेनर हाय. परमिशन हाय का?"

मी पत्र दिलं. त्यानं पत्राचा फोटो काढला, हान्नेकेचा काढला, माझा काढला. दुसरा म्हणाला, "ग्रुपवर टाक." आणि गेले. कुठला ग्रुप, कोण बघणार, काही कळलं नाही. त्यानंतर मी दर पाच मिनिटांनी हान्नेकेचे हात बघत होते. तिनं वाकून एक पडलेली लोंबी उचलली, बोटांवर फिरवली, कुसळांवरून नख चालवलं. मी नुसतं खाकरले. तिनं ती जिथून उचलली तिथंच ठेवली. बरोब्बर तिथंच.

शेत हिराबाईंचं (नाव बदललंय). वय सत्तरच्या पुढे, नऊवारी गुडघ्यावर, आवाज बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. राता पेरलेली त्या गावात आता त्यांचीच दोन खाचरं. त्यांची आगरी बोली मला जमेल तशी लिहिते.

"ये गो बाय, उनान कशाला उबी? काली परशील." मग हान्नेकेकडे बघून मला, "हिला काय होनार? ही लाल होल."

जेवण घरात. राताची लालसर भाकरी, जवळ्याचं सुकं आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे चिखलात उड्या मारणारा मासा. हान्नेकेनं सकाळी उघाडीपाशी त्याचा फोटो काढला होता. ताटात ओळखला तेव्हा ती क्षणभर थांबली, मग खाल्ला, मग आणखी मागितला. माझं माहेर सोलापूरकडचं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी, भात सणाला. मला निवटीचा तो थंड डोळा जमला नाही. मी सुकं घेतलं.

"तुमचे कं शेती हाय का?" हिराबाईंनी पाहुणीला विचारलं. मी दुभाषी.

"भावाची आहे. बटाटे."

"लगीन झालंय का गो हिचं?"

हा प्रश्न मी विचारला. हान्नेके म्हणाली, "पीटरबरोबर वीस वर्षं राहते. दोन मुलगे आहेत. लग्न करायचं राहून गेलं."

मी हिराबाईंना सांगितलं, "हो. दोन मुलगे."

"मंग हिची ओटी भरतंय. पाव्हनी रिकामे ओटीनं जात नय आमच्यान. तू पन ये."

आमच्या घरात ओटी नाही. हळदीकुंकू, ओटी, नवस, हे सगळं माझ्या वडिलांनी धम्म घेतला तेव्हा बंद झालं आणि मला त्याची कधी चुटपुट लागली नाही. मी म्हटलं, "आमच्यात भरत नाहीत, हिराबाई. तुम्ही भरा तिची."

"बरा. मंग बाहेर बस, चा पाठवतंय."

इतकं साधं झालं. त्यांनाही वाईट वाटलं नाही, मलाही नाही. मी ओट्यावर चहा पीत बसले. आतून हिराबाईंच्या सुनेचं हसणं, हान्नेकेचं "ओह!" आणि नारळ जमिनीवर गडगडल्याचा आवाज आला. आयुष्यात इतकी वर्षं मी अशी ओट्यावर बसलेय. त्या दिवशी आत असायला हवी होते.

हान्नेके बाहेर आली ती कपाळाला कुंकू, हातात नारळ आणि खणात बांधलेलं एक गाठोडं घेऊन. हिराबाई मागोमाग. मला म्हणाल्या, "भात घातलंय गो ओटीन. घरा जावन सोरूदे. वाटंन सोरायचं नाय."

मी ऐकलं ते असं: भात दिलाय, घरी गेल्यावर सोडायचा. सोलापूरच्या कानाला भात म्हणजे पातेल्यातला, शिजवलेला. घरातला थोडा उरलेला भात बांधून दिला असेल, किंवा फार तर तांदूळ. ओटीत तांदूळ असतात एवढं मला ऐकून माहीत. 'घातला' नाही, 'घातलंय' म्हणाल्या, हे कानावरून गेलं. बोली आहे, म्हणून सोडून दिलं.

गाडीत मी हान्नेकेला इंग्रजीत विचारलं, "काय दिलं?"

"राइस," ती म्हणाली. "मला कळलं तेवढं. घरी जाऊनच सोडायचं, हो ना? ती तीनदा दाराकडे बोट दाखवत होती."

"हो. राइस ठीक आहे," मी म्हटलं.

इंग्रजीत शेतातलं, कोठीतलं आणि ताटातलं, तिन्हीला एकच शब्द. मी मराठी. माझ्याकडे वेगळे शब्द होते. ते मी वापरले नाहीत.

२६ नोव्हेंबर, डोंबिवली

एमआयडीसीच्या कोपऱ्यावर हान्नेकेनं नाक मुरडलं, "हा वास कसला?" मी म्हटलं, "आज कमी आहे."

कॉलेजात बैठक झाली, समोसे झाले, आलेख झाले. दुपारी समाप्तीचं हमीपत्र भरलं. एक रकाना: 'भेटीदरम्यान पाहुण्यास दिलेले जैविक साहित्य.' मी लिहिलं, 'काहीही नाही.' खाली सही. आवक खिडकीवरच्या बागव्यांनी शिक्का मारला आणि म्हणाले, "चला मॅडम, सुटलात." हान्नेके जेवून ठाण्याला हॉटेलवर गेली. तिचं विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं.

चार वाजता मी पिपेट धूत होते. फोन वाजला. तिनं फोटो पाठवलेला. खण सोडलेला, आणि त्यात टरफलासकट, कुसळांसकट, लाल, जाड, जिवंत भात. ओंजळभर तरी. खाली एक शब्द नाही.

हातातलं पिपेट ट्रेमध्ये ठेवलं.

लगेच फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग सरांना लावला. करंदीकर सर पुण्याचे, आवाज कधी चढत नाही. मी सांगायला लागले, तर मध्येच म्हणाले, "शैलाताई, हे फोनवर बोलू नका."

"मग कुठे बोलू सर? तुम्ही पलंगावर, ती ठाण्यात, मी इथे."

सर म्हणाले, "टाकून द्यायला सांगा. आणि आपण हे विसरून जाऊ." फोन ठेवला. चार वर्षांत सरांना इतकं लहान वाक्य बोलताना मी ऐकलं नव्हतं. ते घाबरले आहेत हे कळल्यावर माझ्या भीतीला धरायला काही उरलं नाही.

ओव्हरहेड वायर तुटून गाड्या बंद होत्या. माणकोलीकडचा पूल मोबाइलच्या नकाशावर लालभडक दिसत होता. कॅबवाला, संतोष नाव त्याचं, म्हणाला, "शिळफाट्यावरून घेतो. दोन तास धरा."

"लवकर नाही होणार?"

"मॅडम, शिळफाट्याला लवकर हा शब्दच नाय."

शीळफाट्याला कंटेनर, टँकर, उड्डाणपुलाचं अर्धवट काम आणि धूळ यांच्या मध्ये गाडी उभी. आणि मी फोटो मोठा करून बघत होते. डोक्यात एकच प्रश्न. मी सोलापूरची, मला 'ते भात', म्हणजे टरफलातलं, कळलं नाही, ठीक. पण ही बाई भातावर पंचवीस वर्षं काम करते. गाठोडं हातात घेतल्यावर वजनावरून, आवाजावरून तिला कळलं नसेल? टरफल असलेला दाणा वेगळा वाजतो. कळलं असेल तर ती काल गाडीत मला सहज 'राइस' म्हणाली ती का? बी मिळायला चार वर्षं लागतायत, आणि इथे एका म्हातारीनं पदरात ओतलं. तिनं फोन बंद का ठेवला? ती विमानतळावर आधीच तर गेली नसेल?

मग दुसरं टोक. विमानतळावर बॅग उघडली तर? तिला थांबवतील. विचारतील, कोणी दिलं? ती नाव सांगेल. सत्तरी ओलांडलेल्या हिराबाई, आणि दारात गाडी. गावातले ते दोघं म्हणतील, आमच्याकडे फोटो आहे. आणि माझा कागद, 'काहीही नाही', शिक्क्यासकट.

"बरं नाय वाटत का?" संतोषनं आरशातून विचारलं.

"वाटतंय. तुम्ही गाडी चालवा."

"चालवतो ना. उभी आहे ती."

हॉटेलवर पोचले तेव्हा सात वाजत आले होते. हान्नेके खोलीत नव्हती. लॉबीत, कोपऱ्यातल्या सोफ्यावर ताठ बसलेली. समोर टेबलावर खण, वर भात. तिचे हात मांड्यांखाली दाबलेले. मला बघून उठली नाही.

"तू एकटी आलीस?" तिनं विचारलं.

"मग कोणाला आणायचं?"

"मला वाटलं, पोलीस."

मी तिच्या समोर बसले. "फोन का बंद केलास?"

"फोटो पाठवला आणि वाटलं, हा पुरावा झाला. मग तुझा फोन आला तर काय बोलू?" मग सरळ विचारलं, "शैला, ही परीक्षा होती का?"

"कसली परीक्षा?"

तिनं सांगितलं ते असं. निघण्यापूर्वी तिच्या विद्यापीठानं तिला एक यादी दिली होती. भेटवस्तू घेऊ नका. नवा फोन न्या, जुना नको. तुम्हाला अडकवण्यासाठी कोणी काही हातात देऊ शकतं. पाच वर्षांपूर्वी अशी यादी नसायची, आता प्रत्येक देशासाठी असते. तिनं ती वाचून बाजूला ठेवली होती. सामान भरताना गाठ सोडली, दाणे दिसले आणि यादीतली ती ओळ आठवली. मग तिला वाटलं, शैला मुद्दाम बाहेर ओट्यावर बसली होती.

मी दोन तास शीळफाट्यावर तिला चोर ठरवत होते, आणि ती इथे मला सापळा लावणारी ठरवत होती. माझ्याकडे एक पत्र, तिच्याकडे एक यादी. दोघी पन्नाशीच्या बायका, मूठभर भातासमोर.

"वजनावरून कळलं नाही तुला?" मी विचारलंच.

"कळायला हवं होतं. पण नारळ हातात होता, कुंकू डोळ्यात गेलेलं, आणि ती मला मिठी मारत होती. मी काम करत नव्हते तेव्हा. पाहुणी होते."

मी विश्वास ठेवला. ठेवला म्हणजे काय, दुसरा मार्ग नव्हता.

"परत देऊ या तिला?" ती म्हणाली.

"ओटी परत करत नाहीत."

"तू तर ओटी मानत नाहीस."

"मी मानत नाही. ती मानते."

"फेकू?"

"सरांनी तेच सांगितलं." मी दाण्यांकडे बघितलं. कुठे फेकणार? हॉटेलच्या कचऱ्यात, जिथं पुढच्या पावसात उगवेल? मग मला आठवलं, ते भात असतं तोवरच सगळा गुन्हा आहे. "ऊठ," मी म्हटलं. "घरी चल माझ्या. जेवायला."

घरात मी एकटीच होते, मिस्टर गावी गेलेले. लोखंडी खलबत्ता काढला. तो मसाल्याचा, भाताचा नव्हे, पण दुसरं काही नव्हतं. थोडं थोडं घालून कुटलं, ताटात घेऊन बाल्कनीच्या दारात पाखडलं. हान्नेकेला पाखडता येत नाही. तिनं फुंकलं आणि तूस तिच्याच केसांत बसलं. खालच्या कुलकर्णीवहिनींनी ओरडून विचारलं, "शैलाताई, काय कुटताय हो?"

"मसाला!"

"आत्ता?"

"संपलाय!"

तीन दिवसांत पहिल्यांदा आम्ही दोघी हसलो. फार नाही.

कुटून झाल्यावर ती दिव्याखाली ताट घेऊन बसली आणि न सोललेले दाणे वेचायला लागली. तिची बोटं त्यात तरबेज होती. अकरा निघाले. अख्खे, लाल, टपोरे. तिनं ते तळहातावर ठेवले. माझं सगळं अंग त्या तळहाताकडे लागलेलं. अकरा दाण्यांतून शेत उभं राहतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पंखा फिरत होता आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

मग तिनं ते खलात ओतले आणि बत्ता माझ्याकडे सरकवला. "तू कुट. मला नाही जमणार."

मी कुटले.

लाल तांदूळ शिजायला वेळ लागतो. कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या तरी दाणा बोटाला लागत होता. शेवटी झाला. वर शेंगदाण्याची चटणी आणि तेल, आमच्या सोलापूरची. निवटीच्या कालवणाची चव त्याला नव्हती. भाताला मात्र एक खारट, मातकट वास होता, उघाडीपाशी येतो तसा. हान्नेकेनं शीतन् शीत पुसून खाल्लं. म्हणाली, "हिराबाई म्हणाली होती घरी जाऊन सोडायचं. तुझं घर चालेल ना?"

"चालेल."

तूस मी कागदाच्या पिशवीत भरून, पिशवीवर तारीख घालून ठेवलं. सवय. ती हॉटेलवर गेली. जाताना खण घेऊन गेली, कारण कापडाला परवानगी लागत नाही. मी ते पत्र काढून पुन्हा एकदा तपासलं.

२७ नोव्हेंबर, डोंबिवली

सकाळी खलबत्ता धुतला, उलटा करून आपटून बघितला, चिरेत काही अडकलेलं नाही याची खात्री केली आणि सातला निघाले. कॉलेज उघडायच्या आत माझ्या टेबलावर बसून एक पानी निवेदन लिहिलं. कालच्या हमीपत्रात 'काहीही नाही' असं लिहिलं ते चूक आहे. पाहुण्यांच्या ओटीत एका घरी भात घातलं गेलं. माझ्या लक्षात आलं नाही, ही चूक माझी. लक्षात आल्यावर कुटून, शिजवून संपवलं. तूस जपून ठेवलं आहे. पाहुण्यांनी स्वतः होऊन कळवलं. हिराबाईंचं नाव घातलं नाही. विचारलं तर काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. सरांना विचारलं नाही. त्यांनी फोनवर बोलू नका म्हटलं होतं, ते मी पाळलं.

आवक खिडकीवर बागवे नुकतेच आले होते. कागद घेतला, वाचला, परत वाचला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी आलं.

"मॅडम, भात म्हणजे जेवणच ना? पाहुण्यांना भात वाढला, एवढंच. हे कशाला आवक करायचं? फाडून टाका." आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तो भात ना?"

दार उघडं होतं. ज्या शब्दानं मला अडकवलं, तोच शब्द मला सोडवायला तयार होता. बागवे खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी हो म्हटलं असतं तर तेही माझ्यासारखेच फसले असते, आणि मी मजेत घरी गेले असते.

त्यावेळी हान्नेके विमानतळाच्या वाटेवर असेल. तिची बॅग रिकामी होती. माझ्या हातात मात्र अजून एक न कुटलेला दाणा होता, तो कागद.

"नाही," मी म्हटलं. "ते भात. टरफलासकट. बी."

बागव्यांचा शिक्का हवेत थांबला. "मॅडम, मग हे वरपर्यंत जाणार."

"जाऊ दे."

"अर्ज आपला..."

"माहीत आहे. मारा शिक्का."

शिक्का बसला. मी माझी प्रत घेतली, जिना उतरले, समोरच्या दुकानात गेले आणि तिच्या नऊ झेरॉक्स काढल्या.